खेळांतील ग्रहबळ

पुढें काय घडणार हें मनुष्याला कळत नाहीं, आणि कळल्यावांचून त्याला स्वस्थही बसवत नाहीं. ज्योतिषी ग्रहांची स्थिति पाहून भविष्य वर्तवितो. खेळाडू हातांतील फांसा खुळखुळवून पटावर टाकतो व जें दान पडेल तें मुकाट्यानें मान्य करतो. पहिला म्हणतो कीं, जें व्हावयाचें तें ठरलेलें आहे. दुसरा म्हणतो कीं, तें अजून ठरावयाचें आहे. वरवर पाहतां या दोघांचें जमावयाचें नाहीं. तथापि इतिहासांत असे कांहीं प्रसंग आढळतात कीं, ज्यांत ग्रहमंडळच खेळाच्या पटावर आणून बसविलें गेलें, आणि शनि, मंगळ, चंद्र यांनाही खेळाचे नियम पाळावे लागले. ते नियम कोणीं केले, कसे केले आणि त्यांपासून काय घेण्यासारखें आहे, याचा विचार मनोरंजक आहे व थोडा बोधप्रदही आहे.

हा विचार आज नव्यानें निघण्यास एक कारण आहे. इ. स. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोन गृहस्थांनीं रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ प्रसिद्ध झाला. त्यांत चारपांच मित्र एका मेजाभोवतीं बसतात. एक जण सूत्रधार होऊन एका काल्पनिक जगाचें वर्णन करतो; बाकीचे त्या जगांतील योद्धा, चोर, जादूगार अशा भूमिका घेतात. एकाद्यानें आरंभिलेलें धाडस सिद्धीस गेलें कीं फसलें, हें पुष्कळदां फांसा टाकून ठरतें. अर्धें नाटक व अर्धा सारीपाट असा हा प्रकार आहे. त्याचे छापील नियम असतातच. परंतु प्रत्येक मंडळी आपल्या मेजापुरते आणखी कांहीं नियम करते. त्यांना घरचे नियम म्हणावें. 'आमच्याकडे असें खेळतात' असें पत्ते पिसतांना सांगण्याची चाल आपल्या घरांतूनही आहे, तशांतलेच हे. या घरच्या नियमांत एक विषय आवडीचा आहे. तो म्हणजे जादूगाराच्या मंत्रांवर ग्रहताऱ्यांचा परिणाम. पौर्णिमेस मंत्राचें बळ वाढावें, ग्रहणांत तें लोपावें, मंगळ अनुकूल असतां अग्निमंत्र प्रखर व्हावा, असे नियम हौसेनें रचले जातात. आणि ते नीट न बसले तर दोनचार बैठकींनंतर मुकाट्यानें सोडूनही दिले जातात. असा नियम कोठें बसतो व कोठें फसतो, हें समजण्यासाठीं सातशें वर्षें मागें जावें लागतें.

स्पेनमधील कॅस्टील व लेऑन या राज्यांवर इ. स. १२५२ पासून १२८४ पर्यंत दहाव्या आल्फोन्सोची सत्ता होती. 'शहाणा राजा' या नांवानें तो इतिहासांत ओळखला जातो. अरबी विद्येचें भांडार कॅस्टिलियन लोकभाषेंत आणण्याचें मोठें काम त्यानें आपल्या पदरच्या पंडितांकडून करवून घेतलें. येहुदा बेन मोशे व इसहाक बेन सीद या यहुदी ज्योतिर्विदांनीं तोलेदो येथें सिद्ध केलेलीं ग्रहगणिताचीं कोष्टकें त्याच्याच नांवानें प्रसिद्ध आहेत. पुढें कोपर्निकसाच्या संग्रहींही त्यांची छापील प्रत होती. विश्वरचनेच्या वेळीं ईश्वरानें आपला सल्ला घेतला असता तर रचना अधिक सोपी झाली असती, असें हा राजा म्हणाल्याची एक दंतकथा आहे. तिला आधार नाहीं. परंतु ती याच राजाला चिकटावी यांत नवल नाहीं, कारण नियम करण्याची त्याला विलक्षण हौस होती. 'सिएते पार्तिदास' या त्याच्या सात भागांच्या कायदेग्रंथांत ग्रहगणित जाणणाऱ्या पंडितांच्या भविष्यकथनास मुभा आहे. शकुन पाहून, चिठ्ठ्या टाकून किंवा आरशांत बघून भविष्य सांगणारांस मात्र बंदी आहे. जुगाराच्या अड्ड्यांसाठींही त्याच्या आज्ञेनें इ. स. १२७६ मध्यें स्वतंत्र नियमावली तयार झाली. म्हणजे आकाश आणि फांसा या दोहोंनाही या राजानें कायद्याच्या चौकटींत बसविलें होतें.

अशा राजानें आयुष्याच्या अखेरीस सेव्हिल येथें खेळांवर एक ग्रंथ तयार करविला. तो इ. स. १२८३ मध्यें पुरा झाला. ९८ पानांचें व सुमारें १५० रंगीत चित्रांनीं नटलेलें हें हस्तलिखित आज माद्रिदजवळील एस्कोरियल येथील ग्रंथालयांत आहे. ग्रंथाच्या प्रारंभीं एक कथा आहे आणि ती हिंदुस्थानची आहे. एका हिंदी राजाच्या दरबारीं तीन पंडित होते. एक म्हणे, बुद्धि श्रेष्ठ. दुसरा म्हणे, दैव श्रेष्ठ. तिसरा म्हणे, दैव व बुद्धि या दोहोंचा मेळ घालील तोच शहाणा. राजानें प्रमाण मागतांच पहिल्यानें बुद्धिबळांचा पट पुढें मांडला, दुसऱ्यानें फांसे मांडले आणि तिसऱ्यानें फांसे व सोंगट्या या दोहोंनीं खेळावयाचा पट आणला. ग्रंथाचे प्रमुख भागही याच क्रमानें येतात. बुद्धिबळांच्या जन्मभूमीचा उल्लेख एका स्पॅनिश राजाच्या पोथींत असा आदरानें यावा, हें वाचून समाधान वाटतें.

ग्रंथाच्या अखेरच्या भागांत खेळ आकाशास भिडतो. प्रथम चौघांनीं खेळावयाचा 'चार ऋतूंचा' पट येतो. त्यांत हिरवीं मोहरीं वसंताचीं, तांबडीं ग्रीष्माचीं, काळीं शरदाचीं व पांढरीं हिवाळ्याचीं आहेत. आणि प्रत्येक ऋतूशीं एकेक महाभूत व शरीरांतील एकेक दोष जोडलेला आहे. त्यानंतर सात जणांनीं खेळावयाचा ग्रहांचा पट येतो. त्यावर एकांत एक अशीं सात वर्तुळें असून तीं बारा राशींत विभागलेलीं आहेत. सर्वांत आंतील कक्षा चंद्राची व सर्वांत बाहेरील शनीची. प्रत्येक खेळाडूनें एकेक ग्रह घ्यावयाचा व तो त्याच्या स्वगृहीं मांडून खेळास आरंभ करावयाचा. रवि सिंहेंत, चंद्र कर्केंत, मंगळ वृश्चिकेंत, बुध कन्येंत, गुरु धनूंत, शुक्र वृषभेंत आणि शनि कुंभेंत. हीं घरें आपल्या पंचांगवाचकांसही ओळखीचीं वाटतील, कारण राशींचें स्वामित्व येथें व तेथें एकच आहे. ग्रह सात म्हणून फांसाही सात बाजूंचा केला आहे. दान पडेल तसा ग्रह आपल्या कक्षेंत सरकतो, आणि तो ज्या घरीं थांबेल तेथून इतर ग्रहांशीं त्याचा कोणता योग होतो तें पाहिलें जातें. नवपंचम किंवा त्रिरेकादश असा शुभ योग झाला तर ठरलेल्या टिकल्या पदरांत पडतात. केंद्रयोग किंवा प्रतियोग झाला तर त्या द्याव्या लागतात.

या रचनेंत तीन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं, बाहेरच्या कक्षांत घरें अधिक व आंतल्या कक्षांत कमी आहेत. त्यामुळें सर्वांना फांसा एकच असूनही चंद्राची प्रदक्षिणा लवकर पुरी होते आणि शनि रेंगाळतो. ग्रहांच्या मंद व शीघ्र गतीसाठीं कोणताही वेगळा नियम पाठ करावा लागत नाहीं. तो पटाच्या आंखणींतच मुरलेला आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, देणेंघेणें परस्परांच्या योगावरून ठरतें. आज ज्याच्याशीं शत्रुत्व आहे तोच दोन दानांनंतर मित्र होतो. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, कोणत्या योगाची काय किंमत, हें खेळाच्या आधींच सर्वांस माहीत असतें. आकाशाची कृपा किंवा अवकृपा मागाहून कोणी अर्थ लावून सांगत नाहीं. ती मोजून घ्यावी व मोजून द्यावी लागते.

आतां याच राजाच्या आज्ञेनें भाषांतरित झालेल्या दुसऱ्या एका ग्रंथाकडे वळल्यास फरक स्पष्ट होईल. 'घायत अल्-हकीम' हा अरबी ग्रंथ दहाव्या-अकराव्या शतकांत मुसलमानी स्पेनमध्यें रचला गेला. इ. स. १२५६ मध्यें आल्फोन्सोनें त्याचें कॅस्टिलियन भाषांतर करण्यास सांगितलें. त्यावरून लॅटिन अवतार झाला आणि 'पिकाट्रिक्स' या नांवानें तो यूरोपभर पसरला. ग्रहबळानें जादू कशी करावी, हाच त्याचा विषय. ताईत कोणत्या धातूचा घडवावा, कोणता धूप जाळावा, कोणता रंग नेसावा, चंद्र कोणत्या नक्षत्रांत असतां कोणतें कार्य आरंभावें, हें सारें त्यांत सविस्तर आहे. चंद्राच्या अठ्ठावीस नक्षत्रांचा उपयोग सांगतांना तो ग्रंथ हिंदी पंडितांचाच हवाला देतो.

या विद्येंत होरेलाही मोठें महत्त्व. मंद ग्रहापासून शीघ्र ग्रहापर्यंत शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र असा क्रम लावावा आणि अहोरात्राच्या २४ होरा त्यांना आळीपाळीनें वाटून द्याव्या. २४ ला ७ नीं भागलें असतां ३ उरतात. म्हणून दुसऱ्या दिवसाची पहिली होरा क्रमानें चौथ्या ग्रहाकडे जाते. शनीनंतर रवि, रवीनंतर चंद्र, चंद्रानंतर मंगळ असे वार त्यांतूनच निघाले. हा हिशेब निर्दोष आहे. परंतु हिशेब निर्दोष असणें निराळें आणि त्यावरून काढलेलें फळ खरें असणें निराळें. पिकाट्रिक्समधील ताईत निष्फळ ठरला तर मुहूर्त साधला नाहीं, धूप अशुद्ध होता, मन एकाग्र नव्हतें, अशा शेंकडों पळवाटा मोकळ्या राहतात. ग्रह मात्र कधींच खोटे ठरत नाहींत. पटावरील ग्रहाला अशी सोय नाहीं. तेथें योग अशुभ झाला कीं टिकल्या मोजून द्याव्या लागतात, आणि त्या दिल्या गेल्या हें सातही जण पाहत असतात. जादूच्या ग्रंथांत ग्रहांकडे केवळ अधिकार आहे. खेळांत त्यांच्याकडे उत्तरदायित्वही आहे.

इतका समतोल नियम करणाऱ्या राजाच्या स्वतःच्या वांट्यास मात्र समतोल आला नाहीं. इ. स. १२७५ मध्यें त्याचा वडील मुलगा व वारस मरण पावला. नातवानें गादीवर यावें कीं धाकट्या मुलानें, हा तंटा उपस्थित झाला. इ. स. १२८२ मध्यें धाकटा मुलगा सांचो यानें बंड केलें आणि व्हालादोलिद येथील सभेनें राजाची सत्ता काढून घेतली. फार थोडीं शहरें राजनिष्ठ राहिलीं. त्यांत सेव्हिल होतें. खेळांचा ग्रंथ पुरा झाला तो या सेव्हिलमध्यें, दुसऱ्याच वर्षीं. इ. स. १२८४ च्या एप्रिलमध्यें राजा निवर्तला. ज्याचें राज्य पटावरून उधळलें गेलें, त्याच्या हातीं अखेरीस एकच राज्य उरलें होतें; तें पटावरचें. तेथें बलवान कोण व दुर्बळ कोण हें फांसा ठरवीत होता आणि नियम कोणालाच मोडतां येत नव्हता.

अडीचशें वर्षांनंतर हीच कल्पना हिंदुस्थानांत वेगळ्या रूपानें प्रकट झाली. बाबराचा मुलगा हुमायून इ. स. १५३० मध्यें गादीवर आला. गणित व ज्योतिष यांचा त्याला मोठा नाद होता. त्याच्या आश्रयास असलेला इतिहासकार ख्वांदमीर यानें 'कानून-इ-हुमायूनी' या ग्रंथांत बादशहाच्या नवनव्या योजनांचें वर्णन केलें आहे. कारभाराचे चार विभाग महाभूतांप्रमाणें पाडले होते. तोफखाना व शस्त्रें अग्नीकडे, कपडेपट व मुदपाकखाना वायूकडे, सरबतखाना व कालवे जलाकडे, शेती व इमारती पृथ्वीकडे. वारही ग्रहांप्रमाणें वांटून दिले होते. शनिवार व गुरुवार विद्वानांच्या व धर्मशील लोकांच्या भेटीचे, रविवार व मंगळवार राज्यकारभाराचे, सोमवार व बुधवार करमणुकीचे, आणि शुक्रवार सर्वांचा. त्या त्या दिवशीं बादशहाचा पोशाखही त्या त्या ग्रहाच्या रंगाचा असे.

या योजनांपैकीं एक खरोखरच खेळ होता. त्याला 'बिसात-इ-निशात', म्हणजे आनंदाचा गालिचा, असें नांव होतें. गोल गालिच्यावर आकाशाच्या निरनिराळ्या मंडलांचीं व महाभूतांचीं वर्तुळें विणलेलीं होतीं. शनीचें वर्तुळ काळें, मंगळाचें तांबडें, रवीचें सोनेरी. शनीच्या वर्तुळांत हिंदी वंशाचे अंमलदार व शेख बसत, गुरूच्या वर्तुळांत सय्यद व उलेमा, आणि रवीच्या सोनेरी वर्तुळांत स्वतः बादशहा. मग फांसे टाकले जात. त्यांच्या बाजूंवर माणसांच्या निरनिराळ्या आकृति काढलेल्या असत. उभी आकृति आली तर त्यानें उभें राहावयाचें, बसलेली आली तर बसावयाचें, आडवी आली तर आडवें व्हावयाचें. मोठमोठे उमराव असे उठबस करीत असतां दरबारांत किती हंशा पिकत असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं.

परंतु हा गालिचा आणि आल्फोन्सोचा पट शेजारीं शेजारीं मांडले तर एक भेद तत्काळ नजरेस येतो. आल्फोन्सोच्या पटावर आजचा रवि उद्यांच्या डावांत शनि होऊं शकतो. हुमायूनच्या गालिच्यावर बादशहा सूर्याच्याच जागीं बसावयाचा, आणि इतरांची जागा कुल व अधिकार यांनीं आधींच ठरलेली. फांसा ठरवी तें फक्त उभें राहावें कीं आडवें व्हावें एवढेंच. म्हणजे येथें ग्रह नियम म्हणून आलेले नाहींत, तर आधींच असलेली उच्चनीचता सजविण्यासाठीं आलेले आहेत. शिवाय या खेळांतून उठून जाणें कोणाच्याही हातीं नव्हतें. कारण गालिचा गुंडाळल्यावरही वारांचे व पोशाखांचे नियम दरबारांत तसेच चालू राहत.

इ. स. १५३९ मध्यें चौसा येथें व १५४० मध्यें कनोजजवळ शेरखान सुरानें हुमायूनचा पराभव केला आणि पंधरा वर्षें त्याला राज्याबाहेर राहावें लागलें. या पराभवांचें कारण गालिच्यांत शोधणें अन्यायाचें होईल. शेरखानाचें युद्धकौशल्य आणि हुमायूनच्या भावांची फूट हीं कारणें पुरेशीं आहेत. इ. स. १५५५ मध्यें त्यानें दिल्ली परत मिळविली. पुढच्याच जानेवारींत तो दिल्लीच्या जुन्या किल्ल्यांतील शेरमंडळ या इमारतीच्या गच्चीवर गेला होता. त्या रात्रीं शुक्राचा उदय अपेक्षित होता आणि तो साधून अधिकाऱ्यांना बढत्या देण्याचा बेत होता. उतरतांना अजानचा स्वर ऐकून तो थबकला, पायरीवरून त्याचा पाय घसरला आणि कांहीं दिवसांतच त्याचा अंत झाला.

हुमायूनच्या बापानें, म्हणजे बाबरानें, इ. स. १५२७ मध्यें सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफांचे पत्ते पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. या गंजिफांनीं पुढें हिंदी रूप घेतलें. कोंकणांत सावंतवाडीस लाखकाम करणाऱ्या कारागिरांनीं दशावतारी गंजिफांची परंपरा जतन केली. १० अवतारांचे १० रंग, प्रत्येक रंगांत राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंत १२ पाने, मिळून १२० वाटोळीं पानें. या खेळांत आकाशाचा एक अगदीं साधा नियम आहे. डाव दिवसा मांडला असेल तर ज्याच्या हातीं रामाचा राजा असेल त्यानें पहिली उतारी करावयाची. रात्रीं मांडला असेल तर कृष्णाच्या राजाची उतारी. राम सूर्यवंशाचा, कृष्ण चंद्रवंशाचा. दिवस सूर्याचा, रात्र चंद्राची. कोठें कोठें पाऊस पडत असतां आणखी निराळ्या अवतारास मान देण्याची चाल आहे. किती थोडक्यांत नियम बसला आहे हें पाहावें. पंचांग उघडावें लागत नाहीं. खिडकींतून बाहेर पाहिलें कीं झालें. आणि कोणावर अन्यायही होत नाहीं, कारण पानें झांकून वांटलेलीं असतात. सूर्याची कृपा आधींच जाहीर आहे, पण ती कोणावर व्हावयाची हें वांटणीनंतर कळतें.

इकडे इंग्लंडांत याच शतकांत एक चमत्कारिक उदाहरण घडलें. केंब्रिजचा विद्वान विल्यम फुल्क यानें इ. स. १५६० मध्यें फलज्योतिषाच्या निरर्थकपणावर एक पुस्तक लिहून भविष्यवाद्यांची खरमरीत हजेरी घेतली. पुढें दहाबारा वर्षांनीं त्याच फुल्कानें 'उरानोमाकिया', म्हणजे ज्योतिष्यांचा खेळ, या नांवाचें पुस्तक छापून ग्रहांचा एक पटखेळ लोकांपुढें ठेवला. ज्याला ग्रहफलावर विश्वास नाहीं त्यानेंच ग्रहांचा खेळ रचावा यांत कोणास विसंगति दिसेल. वस्तुतः तींत विसंगति नाहीं. फलज्योतिषाला श्रद्धा लागते. खेळाला केवळ संमति लागते. नियम खरा आहे काय, हा प्रश्न खेळांत उद्भवतच नाहीं. तो सर्वांना मान्य आहे काय आणि सर्वांना सारखा लागू आहे काय, एवढेंच तेथें पाहावयाचें असतें.

या पूर्वजांचे धडे मनांत ठेवून आजच्या मेजाकडे परत आलें म्हणजे घरच्या नियमांची परीक्षा सोपी होते. छापील नियमांतही एक चांगला नमुना आहे. 'ड्रॅगनलान्स' या कथामालेंतील जगासाठीं इ. स. १९८७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या नियमपुस्तकांत तीन चंद्र आहेत. पांढरा सोलिनारी ३६ दिवसांनीं, तांबडा लुनिटारी २८ दिवसांनीं व काळा नुइटारी ८ दिवसांनीं आपल्या कला पुऱ्या करतो. पांढऱ्या, तांबड्या व काळ्या झग्याच्या जादूगारांचें बळ आपापल्या चंद्राबरोबर वाढतें व घटतें. या तीन संख्यांचा लघुतम साधारण विभाज्य ५०४ येतो. म्हणजे तिघांची एक विशिष्ट एकत्र स्थिति ५०४ दिवसांनीं पुन्हा येते. एका जादूगाराची भरती असतां दुसऱ्याची ओहोटी असूं शकते, आणि वाट पाहिली तर प्रत्येकाची पाळी येते. सूत्रधारानें चंद्रांचें कोष्टक भिंतीवर लावलें कीं उद्यांचें आकाश सर्वांना सारखेंच दिसतें.

यावरून घरच्या नियमांचीं कांहीं सूत्रें सांगतां येतील. पहिलें सूत्र असें कीं, आकाशाचें कोष्टक खेळाच्या आधीं सर्वांपुढें असावें. सूत्रधारानें ऐन प्रसंगीं 'आज ग्रहण आहे' असें जाहीर करून एकाद्याचा मंत्र हाणून पाडला, तर तें ग्रहण नव्हे, ती सूत्रधाराची लहर झाली. दुसरें सूत्र, लाभाबरोबर हानि जोडलेली असावी आणि ती फिरती असावी. तिसरें, ग्रहाची गति व खेळाची लांबी यांचा मेळ बसावा. प्रत्यक्ष आकाशांत चंद्राच्या कला सुमारें साडेएकोणतीस दिवसांत पुऱ्या होतात, गुरु राशिचक्र सुमारें बारा वर्षांत फिरतो व शनि साडेएकोणतीस वर्षांत. कथेंतील काळ दोन वर्षांचा असेल तर चंद्र पंचवीसएक वेळां फिरेल. शनि मात्र आरंभीं ज्याच्या उरावर बसला त्याच्या उरावर शेवटपर्यंत बसलेलाच राहील. अशा मंद ग्रहाचा परिणाम एका भूमिकेवर न लादतां साऱ्या देशावर ठेवावा, म्हणजे तो कथेची पार्श्वभूमि होतो आणि कोणाची बेडी होत नाहीं.

चौथें सूत्र प्रमाणाचें आहे. या खेळांत वीस बाजूंचा फांसा वापरतात. त्याच्या दानांत १ मिळवावयाचा झाल्यास यश येण्याचा संभव सामान्यतः विसांत एकानें, म्हणजे शेंकडा ५ नीं वाढतो. ५ मिळवावयाचे झाल्यास शेंकडा २५ नीं वाढतो. ग्रहबळाची भर एकदोनांची असावी. ती पांचसहांवर गेली कीं जादूगार पौर्णिमेशिवाय घराबाहेर पडत नाहीं, मंडळी चौदा दिवस धर्मशाळेंत बसून राहते आणि कथा जागच्या जागीं थिजते. पांचवें व शेवटचें सूत्र असें कीं, आकाशानें संधि द्यावी, निकाल देऊं नये. 'आज केलेंस तर दुप्पट यश, पण दुप्पट धोका. उद्यांपर्यंत थांबलास तर शत्रु पुढें जाईल', असा पेंच आकाशानें घातला तर खेळाडूला विचार करावा लागतो. 'आज तुझा मंत्र चालणार नाहीं' एवढेंच सांगितलें तर त्याला करण्यासारखें कांहींच उरत नाहीं. हिंदी राजाच्या तिसऱ्या पंडिताचें म्हणणें हेंच होतें. दैव असावें, परंतु त्याच्याशीं बुद्धीला झुंजावयास जागा असावी.

हा सारा विचार एका काल्पनिक जगांतील जादूगारांसाठीं आहे, असें म्हणून तो बाजूस सारतां येईल. परंतु पटाबाहेरच्या जगांतही ग्रहांचे नियम चालू आहेत, आणि त्यांना हीं पांच सूत्रें लावून पाहणें उद्बोधक ठरेल. आजही कित्येक सुशिक्षित घरांतून मंगळाची म्हणून एकादी मुलगी नाकारली जाते. ज्या नियमानें ती नाकारली गेली तो तिला विचारून केलेला नसतो. तिची पाळी फिरून येत नाहीं, तिचें दान बदलत नाहीं आणि पटावरून उठण्याची मुभा तिला नसते. तिच्या गुणांना व बुद्धीला झुंजावयास जागाच ठेवलेली नसते. खेळ म्हणून मांडला असता तर कोणत्याही मेजावर हा नियम एका बैठकींत मोडीत निघाला असता; शास्त्र म्हणून मांडला जातो, म्हणून तो पिढ्यान् पिढ्या टिकतो.

ग्रहांना पटावर आणणाऱ्यांनीं त्यांचा अपमान केला असें मानण्याचें कारण नाहीं. गणितज्ञ त्यांच्या गति मोजतो, कवि त्यांच्या तेजावर लुब्ध होतो, आणि मुलें त्यांच्या नांवानें डाव मांडतात. या तीनही व्यवहारांत ग्रहांचें तेज कमी होत नाहीं व माणसाचेंही कांहीं हिरावलें जात नाहीं. सात जण गोल बसले आहेत, सातांच्या हातीं सात ग्रह आहेत, नियम सर्वांना ठाऊक आहेत आणि डाव संपल्यावर सर्वांनीं उठावयाचें आहे, एवढी अट ज्या मेजावर पाळली जाते तेथें शनीचेंही भय वाटण्याचें कारण नाहीं.